आठ गाण्यांतलं एकच का वाजतं?

प्रश्न देवगड तालुक्यातल्या एका तरुण गायकाचा आहे. स्वतः लिहून, स्वतः चाली लावून त्याने आठ मालवणी गाणी केली. त्यातलं नारळी पुनवेचं गाणं यूट्यूबवर टाकलं आणि ते तीन लाखांच्या वर गेलं. त्या जोरावर आणखी दोन टाकली, ती चारशे-पाचशेवर येऊन रुतली. त्याने मला विचारलं, "ताई, लोक आता अख्खा अल्बम ऐकतच नाहीत का? आठही गाणी एकत्र काढू, की एकेक सोडत राहू? त्या एका गाण्याने बाकीची खाऊन टाकली असं वाटायला लागलंय."

मी कुडाळला गेली बावीस वर्षं छोटा रेकॉर्डिंग स्टुडिओ चालवते. भजनी मंडळं, नमन, फुगड्या, लग्नातली गाणी, पोरांचे रॅप, सगळं इथे येतं. त्याआधी वडिलांचं कॅसेटचं दुकान होतं आणि शाळेत असल्यापासून मी त्याच्या काउंटरवर बसले आहे. त्या गायकाने आठही गाणी मला पाठवली होती, ती मी दोन रात्री ओळीने ऐकली. त्यालाच उत्तर देते, जरा लांबेल.

पहिलं म्हणजे "पूर्वी लोक अख्खी कॅसेट ऐकायचे" हे अर्धंच खरं आहे. आमच्या दुकानात विकायच्या कॅसेटींइतकाच धंदा कोऱ्या कॅसेटी भरून देण्याचा होता. गावोगावी चालायचा, कायद्यात बसत नव्हता हे आज कबूल करायला हरकत नाही. गिऱ्हाईक वहीच्या पानावर यादी लिहून आणायचं. साठची कॅसेट म्हणजे एका बाजूला तीस मिनिटं, नव्वदची म्हणजे पंचेचाळीस. एकशेवीसची आम्ही ठेवत नसू, तिची फीत इतकी पातळ की एक पावसाळा गेला की ती टेपातल्या फीत ओढणाऱ्या चाकाला, पिंच रोलरला, गुंडाळलीच समजा. यादी लावायचं काम माझं. गाण्यांचे मिनिट-सेकंद बेरजेला घ्यायचे, बाजू संपताना गाणं मध्येच तुटू नये म्हणून साडेचार मिनिटांचं काढून सव्वातीनचं बसवायचं. आज ज्याला प्लेलिस्ट म्हणतात ती मी नववीत असताना पेन्सिलीने करत होते.

त्या चिठ्ठ्यांनी मला जे शिकवलं ते नंतर कुठल्या यंत्राने शिकवलं नाही. एखादी आठ गाण्यांची कॅसेट गाजली की पुढच्या महिन्याभरात येणाऱ्या प्रत्येक चिठ्ठीवर तिच्यातली तीच दोन गाणी. कणकवलीचा मास्तर लिहो की वेंगुर्ल्याची कॉलेजातली मुलगी, दोनच आणि तीच. उरलेल्या सहांना कुणी विचारत नसे. रेडिओवर तरी वेगळं काय होतं? "आपली आवड"ला पत्रं जायची ती एकेका गाण्यासाठी. कुणी अख्ख्या अल्बमची फर्माईश केलेली मी तरी ऐकली नाही. मराठी भावगीत वाढलं तेच मुळी सुट्या गाण्यावर. "गोमू माहेरला जाते" आपल्याकडे लग्नात, सहलीत, गॅदरिंगला आजही म्हणतात. ते कुठल्या चित्रपटातलं असं विचारलं तर दहातले नऊ जण एकमेकांकडे बघतील. (वैशाख वणवा.)

अल्बम हा शब्दच बघ. जुन्या, मिनिटाला ७८ फेऱ्यांच्या तबकडीवर एका बाजूला जेमतेम तीन मिनिटं मावायची. १९०२ साली कलकत्त्यात गौहर जाननी ध्वनिमुद्रण केलं तेव्हा तासभर फुलवायचा ख्याल त्यांना तेवढ्यात आटोपावा लागला, आणि शेवटी स्वतःचं नावही सांगायचं होतं. लांब काही ऐकवायचं तर चार-सहा तबकड्या फोटोंच्या अल्बमसारख्या जाड पुठ्ठ्याच्या वहीत घालून विकत, त्यावरून हे नाव पडलं. मग १९४८ला कोलंबिया कंपनीने लाँगप्ले तबकडी आणली, एका बाजूला वीस-बावीस मिनिटं. पुढच्याच वर्षी आरसीए व्हिक्टर कंपनीने मिनिटाला ४५ फेऱ्यांची छोटी तबकडी आणली, म्हणजे सिंगल. दोघांत एका वर्षाचं अंतर, आणि घरं वेगळी. चुलत भावंडंच म्हण. एकाने दुसऱ्याचा घास घेतला ही तक्रारही त्यांच्याइतकीच जुनी आहे.

गाणं किती लांब असावं, किती गाणी एकत्र असावीत, हे कायम डब्याने ठरवलं. कॅसेटीला आठ किंवा दहा गाणी का? कारण साठ मिनिटांची फीत भरायची होती. गायकाकडे तीन गाणी सांगण्यासारखी असली तरी कंपनी आठ मागायची, आणि मग पाच गाणी ओढूनताणून व्हायची. आमच्याकडे येणारे वितरकाचे लोक त्यांना सरळ "भरतीची गाणी" म्हणायचे. ए बाजूचं पहिलं आणि बी बाजूचं पहिलं, ही दोन जोरकस असायची, कारण दुकानदार गिऱ्हाइकाला कॅसेट घालून दाखवतो ती तिथूनच. भरतीची गाणी बाजूच्या शेवटाकडे. लाँगप्लेत तर त्याला शास्त्रही होतं. तबकडी फिरते एकाच वेगाने, पण काठाजवळची खाच सुईखालून सेकंदाला सुमारे पन्नास सेंटिमीटर सरकते आणि मध्याजवळची वीस-एकवीस. आतल्या खाचेत आवाज फाटतो. म्हणून ढोल-ताशाचं गाणं बाहेर आणि शांत गाणं आत लावायची रीत पडली. अल्बमचा शेवट हळवा असतो तो नेहमीच कवीच्या मनाने ठरवलेला असतो असं नाही.

पण एक गोष्ट मात्र खरी होती. पुढे जायला त्रास पडायचा. फॉरवर्डचं बटण दाबायचं, अंदाजाने थांबवायचं, पुढे गेलं तर मागे आणायचं. एवढं करण्यापेक्षा लोक मधलं गाणं वाजू देत. आणि न आवडलेलं गाणं चौथ्या-पाचव्या वेळी आवडायला लागतं, हा माणसाच्या कानाचा जुना खोडसाळपणा आहे.

मालवणच्या एका ट्रॉलरवरचे तांडेल, म्हणजे बोटीचे प्रमुख, आमच्याकडे यायचे. बोटीवर बॅटरीवर चालणारा टेप, आणि आठवडाभराच्या फेरीला एकच कॅसेट. दर्यागीतांची होती, ए बाजूचं पहिलं गाणं तेव्हा सगळीकडे वाजत होतं. जूनमध्ये मासेमारी बंद झाली, बोटी वर काढल्या, आणि ते दुकानात आले. कॅसेटीच्या खिडकीत मिठाचा पांढरा थर, लेबल पुसलेलं. म्हणाले, "बाय, पयला गाणा नको. ह्या बाजूचा शेवटचा जा आसा, आवशीचा, ता कोऱ्या कॅसेटीर भरून दी. दोनदा भर." आवस म्हणजे आई. ते गाणं मी स्वतः धड ऐकलेलं नव्हतं. भरतीचं म्हणून सोडून दिलं होतं. मी विचारलं, हेच का? त्यांनी दोन्ही हात पुढे करून दाखवले. जाळं ओढताना हात खवल्यांनी आणि चिकाने माखलेले, त्या हातांनी बटण दाबणार कोण? म्हणून सगळं ओळीने वाजत राहायचं. आठव्या-दहाव्या वेळी ते आवशीचं गाणं त्यांना सापडलं.

मी ते दोनदा भरून दिलं. भरताना प्रथमच नीट ऐकलं. चांगलं होतं.

त्या मधल्या गाण्यांना जे मिळायचं ते यंत्राच्या आळशीपणामुळे मिळायचं. यंत्र चपळ झालं आणि ते संपलं. आपल्याकडे हे स्ट्रीमिंगने केलं असं म्हणतात, पण माझ्या डोळ्यांदेखत ते एमपीथ्रीच्या सीडीने केलं. २००२-०३च्या सुमारास एसटी स्टँडबाहेर तीस-चाळीस रुपयांना एकेक सीडी मिळायला लागली, एकीवर दीडशे गाणी. हिशोब सोपा आहे: सातशे एमबीत साधारण बारा तास. बारा तासांची सीडी कोण ओळीने ऐकणार? तिच्यावर अल्बम नव्हताच, नुसता ढीग होता. वडिलांनी त्याच सुमारास दुकानातल्या कॅसेटी घाऊक भावाने काढून टाकल्या. त्यानंतर मोबाइलवाल्यांकडे मेमरी कार्ड भरून मिळायला लागलं. तो पोरगा काउंटरवर बसून जे करायचा ते मी पूर्वी करायचे तेच, फक्त यादी नसायची. "दोन जीबी भर, नवीन काय ते टाक." चिठ्ठी लिहिताना माणूस निदान निवडत तरी होता.

बाहेर परदेशात तेव्हा २००३ साली ॲपलच्या आयट्यून्स या इंटरनेटवरच्या दुकानात एक गाणं नव्याण्णव सेंटला सुटं मिळू लागलं, म्हणजे उरलेल्या नऊ भरतीच्या गाण्यांचे पैसे द्यायची सक्ती गेली. त्यावर रडावं असं मला वाटत नाही. कितीतरी अल्बम त्याच लायकीचे होते. २०१६ला जिओ आलं आणि गावात डेटा स्वस्त झाला, तेव्हा आमच्याकडे गाणं ऐकण्याची जागा यूट्यूब झाली. आणि यूट्यूबवर गाणं हे गाणं असतं, कुठल्या अल्बमचं ते बघायला कुणी थांबत नाही. मोजणारेही तसेच. गाजलेल्या गाण्यांच्या याद्या काढणाऱ्या अमेरिकेच्या बिलबोर्डने २०१४च्या अखेरीस अल्बमच्या यादीत स्ट्रीम, म्हणजे नेटवरची ऐकणी, धरायला सुरुवात केली, तेव्हा अल्बममधली गाणी मिळून पंधराशे वेळा वाजली की एक अल्बम विकला असं धरायचं ठरलं. आकडे पुढे बदलले, पण गंमत बघ: एकच गाणं पंधराशे वेळा वाजलं आणि बाकी नऊंना कुणी हात लावला नाही, तरी कागदावर अल्बम एक.

स्पॉटिफाय या गाण्यांच्या ॲपवर तीस सेकंद वाजलं की एक ऐकणं धरतात. म्हणून आता माझ्याकडे येणारी पोरं सुरुवातीचं म्युझिक कापायला सांगतात. मुखडा पाचव्या सेकंदाला हवा. जुन्या भावगीतात बासरी आणि सतार वीस-पंचवीस सेकंद अंगण झाडून, सडा घालून ठेवायची आणि मग गायक यायचा. आता गायक दारातच उभा असतो.

शफल, म्हणजे गाणी ओळ मोडून कशीही वाजवणं, हा दुसरा भाग. २०२१च्या नोव्हेंबरमध्ये ब्रिटिश गायिका अडेलच्या सांगण्यावरून स्पॉटिफायने अल्बमच्या पानावर शफलचं बटण मुख्य ठेवणं बंद केलं, गाणी लावलेल्या ओळीने वाजू लागली. तिच्यासारखीला जे मागून घ्यावं लागलं, ते तुला-मला आपोआप मिळणार नव्हतंच.

आता मला बसलेला फटका सांगते, कारण याबद्दल कुणी बोलत नाही. वेंगुर्ला तालुक्यातल्या पाच बायकांची फुगड्यांची आणि जात्यावरच्या ओव्यांची गाणी मी केली होती. फुगड्या म्हणजे दणका: पाय आपटणं, पिंगा, पकवा, सगळ्या एकदम. ओव्या मात्र एकीच्याच, खालच्या आवाजात, खरं जातं समोर ठेवून. मी मुद्दाम असं लावलं होतं की तीन फुगड्या संपल्या की एकदम जात्याची हलकी घरघर आणि आवाज इतका लहान की ऐकणाऱ्याने जरा पुढे झुकावं. अल्बम ओळीने वाजला की तो तसाच वाजतो, कारण स्पॉटिफाय अख्ख्या अल्बमचा आवाज एकत्र मोजून एकदाच वर-खाली करतं. पण तीच ओवी कुणी दुसऱ्या गाण्यांबरोबर प्लेलिस्टीत टाकली, की तिचा आवाज स्वतंत्र मोजतात आणि उणे चौदा एलयूएफएस (कानाला आवाज किती मोठा लागतो ते मोजायचं एकक) या ठरावीक पातळीकडे ढकलतात. एका मुलीने मला तिच्या फोनवर ऐकवलं. ओवी फुगडीच्या बरोबरीने ओरडत होती आणि जात्याची पिठाची गिरणी झाली होती. माइकचा सूंऽ आवाज वेगळाच. चूक कुणाची म्हणावी? मी लहान आवाज हा शेजारच्या गाण्याच्या भरवशावर ठेवला होता, आणि शेजारीच बदलला.

गाजलेल्या गाण्याने बाकीची गाणी झाकली जातात असं तू म्हणतोस. माझ्या मते झाकली जाते ती गाण्याची जागा. कुठल्या गाण्यानंतर कुठलं, किती वेळाने, किती आवाजात.

आणि जागा जिथे लोकांना ठाऊक आहे तिथे तेच लोक, तेच फोनवाले, अख्खं ऐकतात. गेल्या वर्षी आमच्या चुलत्यांकडे गणपतीला भावाच्या मुलाने आरत्यांचा अल्बम ब्लूटूथ स्पीकरवर लावला, सोबतीला असावा म्हणून. फोन शफलवर होता. निरांजन लागलं, सगळे हात जोडून उभे, आणि पहिलीच आली मंत्रपुष्पांजली. म्हातारी आजी वळून म्हणाली, "रे झिला, अजून सुखकर्ता जावक नाय आणि ही खंयसून इली?" सगळी खोली हसली. कुणाला काही समजावून सांगावं लागलं नाही. सुखकर्ता, लवथवती, दुर्गे दुर्घट, युगे अठ्ठावीस, मग घालीन लोटांगण, शेवटी मंत्रपुष्पांजली: ही ओळ आजीला, भावाला, पाच वर्षांच्या पोरालाही पाठ. आरत्यांची कॅसेट आमच्या दुकानातून वर्षानुवर्षं गेली, पण तिच्यातली दोनच गाणी चिठ्ठीवर कधी आली नाहीत.

डबलबारीचंही, म्हणजे भजनाच्या सामन्याचंही, तसंच होतं, आता ते बदलतंय. दोन बुवा, दोन मंडळं, रात्री दहाला बसतात ती पहाटेपर्यंत. बुवा आपल्या बारीत अभंग म्हणतो, गौळण म्हणतो, समोरच्याला चिमटे काढतो, आणि लोक वाट बघतात गजराची. पखवाज, झांज, चकवा, सगळं एकदम चढतं, मंडप उभा राहतो. हल्ली कुणीतरी तेवढा तीन मिनिटांचा गजर कापतो आणि सकाळी सगळ्या ग्रुपवर तोच फिरतो. मीही कापून दिलेत, मंडळं मागतात. पण माझ्या स्टुडिओत एका मंडळाने एकदा हट्ट केला, की "बारी नको, नुसता गजर करूया, तोच चालतो." दुपारी तीन वाजता, एसी लावून, पहिल्या ठोक्यापासून गजर. पाच वेळा घेतला. पखवाजवाला चांगला, कोरस चांगला, आणि गजर चढेना. शेवटी बुवा म्हणाले, रूपाचा अभंग म्हणूया आधी, रेकॉर्ड करू नका. अभंग झाला, गौळण झाली, पाऊण तास गेला. मग सहावा गजर घेतला तो एका दमात लागला. क्लिपेत तो पाऊण तास दिसत नाही, पण असतो.

एकेक गाणं सोडणं वाईट, असं यातून काढू नकोस. गीतरामायण कसं आलं? १ एप्रिल १९५५पासून पुणे आकाशवाणीवर आठवड्याला एक गाणं, वर्षाहून थोडं जास्त, एकूण छप्पन्न. म्हणजे एकेकच सोडलं. पण माडगूळकरांचं आणि फडक्यांचं पुढचं गाणं कुठे उभं राहणार ते रामकथेनेच ठरवलेलं होतं, आणि ऐकणाऱ्याला कथा माहीत होती. शुक्रवारची वाट बघायला लावणारं छप्पन्न गाण्यांचं दुसरं काही आपल्याकडे झालेलं नाही. उलट १९७४चं शिवकल्याण राजा घे: त्यातली गाणी सुटीही गाजली, पण बाबासाहेब पुरंदऱ्यांचं निवेदन मध्ये असल्यामुळे ती ओवली गेली. अख्खं लावलं की उठून जाववत नाही.

आता तुझी आठ.

सुटी ऐकली तर आठातली सहा चांगली आहेत. ओळीने ऐकली तर तिसऱ्या गाण्यालाच मी चहा करायला उठले. का ते कागदावर लिहून काढलं तेव्हा कळलं: सहा गाणी काळी चारच्या पट्टीत, पाच केरवा तालात, आणि जवळजवळ सगळ्यांची लय सारखी. एकेकटी ऐकताना हे कुणाला जाणवत नाही. ओळीने बसवली की सगळी एका आईची लेकरं दिसतात. तुझी ती दोन गाणी अडकली त्याचं एक कारण हेही असावं, की नारळी पुनवेचं ऐकून माणूस पुढे आला आणि त्याला तेच पुन्हा, जरा फिकं मिळालं.

आठ एकत्र काढू नकोस. त्यातली सहा एका धाग्याची आहेत: नारळी पुनव, पहाटे होडी लोटतानाचं, जाळं टाकून बसल्याचं, वादळाचं, घरी थांबलेल्या आवशीचं, आणि बंदरावर लिलावाचं. हे तू ठरवून लिहिलं नसशील, पण हा एक हंगाम झाला, आणि नारळ अर्पण करून त्याची सुरुवात होते. म्हणजे तुझं गाजलेलं गाणं आपोआप दारात उभं आहे. त्याच्यावर रागावू नकोस. शिमग्याचं गाणं धाग्यात बसत नाही, ते शिमग्याच्या पंधरा दिवस आधी सुटं सोड, तिथे ते चालेल. प्रेमगीत ठेवून दे. ते भरतीचं आहे.

सहातल्या दोनांची पट्टी बदल. आवशीच्या गाण्यातला ढोलक पूर्ण काढ, नुसती पेटी ठेव, आणि तुझ्या आवाजाऐवजी बाईचा आवाज घे. वादळाचं गाणं त्याच्या आधी यायला हवं, नंतर नाही. तू पाठवताना उलटं लावलं होतंस. वादळ आधी ऐकलं की आवस कशाची वाट बघते ते सांगायला शब्द लागत नाहीत, दुसरं कडवं तूच कापशील. पण माझ्यासारखी चूक करू नकोस: आवशीचं गाणं सुटं वाजलं तरी टिकेल इतपत त्याचा आवाज भरीव असू दे. लहान आवाजाचा परिणाम हवा असेल तर तो वाद्यं काढून मिळव, फेडर, म्हणजे आवाजाची कळ, खाली करून नको.

सोडण्याचं म्हणशील तर पुढचं गाणं म्हणून लिलावाचं सोडायचा मोह होईल, ते दणक्याचं आहे. नको. आवशीचं सोड. नारळी पुनवेच्या मागून तसलंच दुसरं आलं तर लोक तुला एका गाण्याचा माणूस समजतील. स्पॉटिफायकडे संपादकांना ऐकायला गाणं पाठवायची सोय आहे, पण एका वेळी एकच, अजून प्रसिद्ध न झालेलं, आणि तारखेच्या किमान सात दिवस आधी. सहा एकदम काढलीस तर सहांतून एकाच गाण्याला ती संधी मिळते. आधी दोन-तीन सुटी सोडलीस तर प्रत्येकाला. नंतर अल्बम काढताना त्याच रेकॉर्डिंगला तोच आयएसआरसी नंबर (रेकॉर्डिंगचा ओळख क्रमांक) लावायचा, म्हणजे आधीचं ऐकणं सहसा त्याच गाण्याच्या खात्यावर राहतं. इथे आळस करून नवीन नंबर घेतलेले दोन जण मी बघितलेत, शून्यापासून मोजत बसले. आणि २०२४पासून स्पॉटिफायवर ज्या गाण्याला वर्षभरात हजार ऐकणी नाहीत त्याला काही मिळत नाही, तेव्हा भरतीचं गाणं टाकून दमडीचा फायदा नाही.

यूट्यूबवर सहांचा एकच लांब व्हिडिओही टाक, खाली ०:०० पासून वेळा लिहून, म्हणजे त्याचे भाग पडतात. तो किती जण बघतात याकडे पहिले तीन महिने बघू नकोस. तो गणपतीच्या आधी आठवडाभर टाक, कारण तेव्हा चाकरमानी निघतो आणि त्याच्याकडे नऊ-दहा तास असतात. कोकण रेल्वेत नेट कसं येतं तुला माहीत आहे. करबुड्याचा साडेसहा किलोमीटरचा बोगदा आला की सुटं गाणं शोधणाऱ्याचा फोन गोल गोल फिरत बसतो, आणि ज्याने अख्खं उतरवून घेतलंय त्याचं वाजत राहतं. तांडेलाच्या माखलेल्या हातांसारखंच आहे ते. तुझा अल्बम ऐकणारा तिथे बसलाय.

कार्यक्रमात नारळी पुनवेचं शेवटी ठेवू नकोस आणि पहिलंही नको. शेवटी ठेवलंस तर लोक मधल्या गाण्यांना ओरडून तेच मागतात. पहिलं म्हटलंस तर अर्धी जत्रा खाजं घ्यायला उठते. तिसरं म्हण, आणि थांबू नकोस, त्याच्या शेवटच्या ठोक्यावर पुढचं सुरू कर.

हक्कांचं एकच सांगते. नव्वदच्या दशकात आमच्या ओळखीच्या एका बुवांनी अख्खी बारी एका कंपनीला ठोक रकमेवर दिली. दोन वर्षांनी त्यातला गजर तेवढा कापून दुसऱ्याच संग्रहात आला, बुवांचं नावसुद्धा नव्हतं. कागदावर सही होती, बोलायला जागा नव्हती. मूळ रेकॉर्डिंग स्वतःकडे ठेव आणि गीतकार-संगीतकारांची रॉयल्टी गोळा करणाऱ्या आयपीआरएस या संस्थेत नोंद कर. कंपनी कितीही गोड बोलली तरी.

नारळी पुनवेच्या गाण्याच्या शेवटी जो कोरस विरत जातो, तो विरवू नकोस. तो तोडून टाक आणि त्याच्या खालून होडीच्या इंजिनाचा आवाज वर आण, दोन सेकंद नुसतं इंजिन, मग पहाटेचं गाणं. इंजिन इंटरनेटवरून घेऊ नकोस, ते परदेशी बोटीचं असतं आणि आपल्या माणसाला लगेच कळतं. देवगड बंदरावर पहाटे जाऊन फोनवर घेतलंस तरी चालेल, फक्त वाऱ्याकडे पाठ करून उभा राहा. ते आणि सहांचे सुटे ट्रॅक हार्ड डिस्कवर घालून ये. बुधवारी येऊ नकोस, त्या दिवशी आमच्याकडे दुपारी लाइट नसते.